विश्लेषण : अख्ख्या लाकडाचे धनुष्य कसे घडते? पहिले धनुष्य मोडते कशामुळे?

गडहिंग्लज तालुक्यातील नेसरी म्हटले की २४ फेब्रुवारी १६७४ हा दिवस आठवतो. सरसेनापती प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा सहकारी बहलोलखानाच्या फौजेवर येथेच तुटून पडले. त्या काळी घोडदळात आखूड धनुष्ये वापरात होती. ती लाकूड, शिंग आणि जनावरांचे स्नायुतंतू एकत्र चिकटवून बनत. ते कसबी कारागिराचे काम. एकाच लाकडातून कोरलेले लांब धनुष्य मात्र संयम असेल तर हौशी माणूसही घरी बनवू शकतो.

आज हा विषय कशासाठी?
साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी २०२३ मध्ये बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत वैयक्तिक सुवर्णपदके जिंकली. त्यांचा प्रकार कंपाउंड, म्हणजे पुल्या आणि केबल असलेले धनुष्य. अशा संचाचा खर्च लाखांत जातो. पहिला धडा मात्र साध्या धनुष्यावरही गिरवता येतो. देशांतर्गत स्पर्धांमधील ‘इंडियन राउंड’ हा प्रकार बांबू-लाकडाच्या साध्या धनुष्यावरच खेळला जातो.

लाकूड कोणते?
इंग्लंडमध्ये ‘यू’ वृक्षाचे लाकूड वापरत. १५४५ मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या युद्धनौकेतून अशी १३० हून अधिक धनुष्ये मिळाली. आपल्याकडे धामण हे चिवट आणि लवचीक लाकूड. संस्कृतात या झाडाचे नाव ‘धन्वन’, म्हणजे धनुष्याशी नाते सांगणारेच. कोल्हापूर-सिंधुदुर्ग पट्ट्यात मिळणारा, जवळजवळ भरीव असा माणगा बांबूही पर्याय ठरतो. २०१७ च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू भारतीय वन कायद्यातील ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला आहे. इतर झाड तोडण्यापूर्वी, ते स्वतःच्या बांधावर असले तरी, वन विभागाकडे चौकशी करावी.

ओले लाकूड लगेच वापरू नये. टोकांना मेण किंवा रंग लावून ते काही महिने सावलीत वाळवावे. ओलसर लाकूड वाकून तसेच राहते, तर फार कोरडे तडकते.

धनुष्यात नेमके काय घडते?
दोरी ओढली की निशाणाकडची बाजू, म्हणजे धनुष्याची पाठ, ताणली जाते. तिरंदाजाकडची बाजू, म्हणजे पोट, दाबली जाते. जुन्या घोडदळी धनुष्यात ताण स्नायुतंतू घेत आणि दाब शिंग घेई. इथे दोन्ही एकाच लाकडाला सोसावे लागते. म्हणून पाठीवरचे रेषे अखंड हवेत. तेथे वाकस खोल गेली आणि रेषा तुटली, तर धनुष्य तिथूनच सोलत जाते. तासायचे ते पोटाकडून.

‘टिलरिंग’ म्हणजे काय?
दोन्ही भुजा सारख्या वाकेपर्यंत पोटाकडून थोडे थोडे लाकूड काढणे म्हणजे टिलरिंग. २८ इंच ओढीसाठी साधारण ७० इंच लांबीचा तुकडा घ्यावा. सुरुवातीला रंधा आणि नंतर कानस वापरावी. भिंतीवरच्या खुंटीवर धनुष्य मधोमध टेकवून दोरी खाली ओढावी आणि लांबून वाक पाहावा. जिथे कमी वाकते तिथे तासायचे, जिथे जास्त वाकते तिथे हात लावायचा नाही.

येथे गणित महत्त्वाचे. लाकडाचा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडी १० टक्के कमी केली की त्या जागचा ताठरपणा सुमारे २७ टक्के घटतो. जाडी निम्मी झाली तर तो आठव्या भागावर येतो. म्हणून शेवटच्या टप्प्यात कानसही जड पडते. तेव्हा काचेच्या कडेने खरवडतात. प्रत्येक वेळी तासल्यावर २०-३० वेळा हलके ओढावे, म्हणजे बदल दिसतो. ३० पौंडांचे, म्हणजे सुमारे साडेतेरा किलो ओढीचे धनुष्य हवे असेल, तर काटा लावून पाहावे. त्याहून जास्त जोर कधीही देऊ नये.

शेवटची जुळवणी कशी?
दोरी चढवल्यावर मुठीपासून तिचे अंतर सुमारे सहा इंच ठेवतात. मूठ वळून अंगठा वर उभा केला की जवळपास तेवढेच माप होते. अंतर कमी पडले तर दोरी मनगटाला फटकारते. फार वाढवले तर धनुष्यावर विनाकारण ताण येतो. बाणही धनुष्याला साजेसा हवा. सुटताना तो मुठीला वळसा घालून किंचित लवतो. फार कडक किंवा फार मऊ बाण बाजूला जातो.

धोके कोणते?
बाण न लावता ओढलेली दोरी सोडू नये. बाणाकडे जाणारी सारी शक्ती लाकडातच परतते आणि धनुष्य फुटू शकते. टिलरिंग करताना चष्मा घालावा आणि मुलांना लांब ठेवावे. बाण सोडताना समोर आणि मागे कोणी नसल्याची खात्री करावी.

एवढे करूनही पहिले धनुष्य अनेकदा मोडते. तुकडे चुलीत घालण्यापूर्वी पाहावेत. पाठीवर उभी ढलपी निघाली असेल तर रेषे तुटले होते. पोटावर बारीक आडव्या सुरकुत्या असतील तर त्या जागी दाब जास्त आला होता. भुजा एकाच ठिकाणी कोनात मोडली असेल तर तिथे लाकूड जास्त तासले गेले होते. दुसऱ्या धनुष्याचे काम याच तपासणीपासून सुरू करावे.