शालेय मुलांमधील रक्तक्षय : पोटभर जेवण पुरेसे का ठरत नाही?

शालेय मुलांच्या आरोग्याचा विचार करताना आपण बहुधा वजन आणि उंची यांपाशीच थांबतो. मूल अंगाने भरलेले असले म्हणजे ते निरोगी, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु दोन वेळा पोटभर जेवणाऱ्या मुलांमध्येही एक व्याधी मोठ्या प्रमाणावर आढळते आणि ती सहजासहजी नजरेस येत नाही. ही व्याधी म्हणजे रक्तक्षय, अर्थात ॲनिमिया. प्रस्तुत लेखात तिची कारणे व तिचा प्रतिबंध यांचा विचार महाविद्यालयीन अध्यापकांना डोळ्यांसमोर ठेवून केला आहे. आपल्या वर्गातील विद्यार्थिनी उद्याच्या शिक्षिका व माता आहेतच. शिवाय आज त्या स्वतःही या व्याधीचा धोका अधिक असलेल्या वयात आहेत.

व्याधीचे स्वरूप

रक्तातील हिमोग्लोबिन फुप्फुसांतून प्राणवायू घेऊन तो शरीरभर पोहोचवते. हिमोग्लोबिन तयार होण्यासाठी लोह लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार दर डेसिलिटर रक्तात ५ ते ११ वर्षांच्या मुलांमध्ये ११.५ ग्रॅम, १२ ते १४ वर्षांच्या मुलांमध्ये १२ ग्रॅम, त्यापुढे मुलींमध्ये १२ व मुलग्यांमध्ये १३ ग्रॅम यांपेक्षा कमी हिमोग्लोबिन असल्यास तो रक्तक्षय समजावा. या सर्व वयांत ८ ग्रॅमच्या खालील प्रमाण तीव्र मानले जाते व तेथे डॉक्टरांकडे पाठविणे आवश्यक असते.

खालच्या पापणीचा आतील भाग फिकट दिसणे, जिना चढताना धाप लागणे, लवकर थकणे ही नेहमीची लक्षणे आहेत. खडू, माती, पाटीवरची पेन्सिल किंवा कच्चे तांदूळ खाण्याची सवय हेही लोहाच्या कमतरतेचे चिन्ह असू शकते. घरी अशा मुलाला रागावले जाते, वर्गात ते आळशी किंवा मंद ठरते. लक्ष न लागणे हा त्याचा स्वभाव नसून आजाराचा परिणाम असू शकतो, हे शिक्षकाच्या ध्यानात आले नाही तर त्या मुलाचे वर्ष वाया जाते.

प्रमाण किती?

२०१६ ते २०१८ या काळात झालेल्या समग्र राष्ट्रीय पोषण पाहणीत ५ ते ९ वर्षांच्या २४ टक्के व १० ते १९ वर्षांच्या २८ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. यांपैकी दुसऱ्या गटात मुलींचे प्रमाण ४० टक्के व मुलग्यांचे १८ टक्के होते. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वर्षांच्या मुलींमध्ये हे प्रमाण ५९.१ टक्के व मुलग्यांमध्ये ३१.१ टक्के आले. पहिल्या पाहणीत शिरेतून, तर दुसरीत बोटाच्या टोकातून रक्त घेतले होते. वयोगटही वेगळे होते. त्यामुळे हे आकडे एकमेकांशी थेट ताडून पाहता येत नाहीत. तथापि मुलींमध्ये रक्तक्षय मुलग्यांच्या सुमारे दुप्पट आहे, ही गोष्ट दोहोंतही दिसते.

लोह कोठे कमी पडते?

लोहाचा हिशेब घरखर्चासारखा मांडता येतो. आवक कमी, आलेले पदरात न पडणे आणि गळती, अशी त्याची तीन कलमे आहेत.

पहिले कलम आवकीचे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलीला रोज ३० मिलिग्रॅम, तर त्याच वयाच्या मुलाला २२ मिलिग्रॅम लोह लागते. वाढीचे वय आणि मासिक पाळी यांमुळे मुलीची गरज वाढते. पण पुष्कळ घरांत ती सर्वांत शेवटी जेवते. शाळेतील मध्यान्ह भोजनाची केंद्रीय योजना आठवीपर्यंत आहे. कर्नाटकासारख्या काही राज्यांनी ती दहावीपर्यंत नेली आहे. इतरत्र मात्र गरज वाढते त्याच वयात शाळेचे ताट बंद होते.

याबाबत काही गैरसमजही आहेत. बीट व डाळिंब लाल असल्याने त्यांनी रक्त वाढते, असे सांगितले जाते. वस्तुतः १०० ग्रॅम बीटमध्ये जेमतेम एक मिलिग्रॅम लोह असते, तर तेवढ्याच बाजरीत सुमारे ६ मिलिग्रॅम. गुळाच्या लहानशा खड्यातूनही फार लोह मिळत नाही. बाजरी, मसूर, मटकी, हरभरा, राजगिऱ्याची व शेवग्याची पाने, अळीव हे खरे आधार होत. मांसाहारी घरांत कलेजी, खिमा व मासे यांचीही भर पडते.

दुसरे कलम शोषणाचे. मांसातील लोहापैकी साधारण १५ ते ३५ टक्के शरीरात शोषले जाते. धान्य-भाज्यांतील लोह मात्र बहुधा दहा टक्क्यांच्या आतच. क जीवनसत्त्वाने हे शोषण वाढते. म्हणून उसळीवर लिंबू पिळणे, जेवणात पेरूची फोड किंवा आवळा असणे ही केवळ चवीची बाब नाही. भाजीच्या ताटात थोडा मासा किंवा मटण असले तरी भाजीतील लोह अधिक शोषले जाते. कडधान्ये भिजवून मोड आणल्यानेही फायदा होतो. याउलट जेवणासोबत घेतलेला चहा शोषण निम्म्याहून अधिक घटवू शकतो. बेळगाव-गोव्याकडील चहा-पाव असो की हैदराबादचे चहा-बिस्किट, पुष्कळ मुलांची न्याहारी एवढीच असते. सकाळी मकतबला आणि तेथून थेट शाळेत जाणारी मुले तर दुपारपर्यंत त्यावरच असतात. चहा जेवणापासून तासभर तरी दूर ठेवावा, हा विनाखर्चाचा उपाय होय.

तिसरे कलम गळतीचे. अंकुशकृमी हे जंत आतड्याला चिकटून रक्त शोषतात. त्यांची अळी ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या त्वचेतून शरीरात शिरते. गोल जंत व चाबूककृमी यांची अंडी मात्र न धुतलेल्या हातांनी व भाज्यांवाटे पोटात जातात. चपला, शौचालय आणि साबण यांचा आहाराशी संबंध आहे तो असा. २०१५ पासून देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. २ ते १९ वर्षांच्या मुलांना त्या वेळी ४०० मिलिग्रॅमची अल्बेंडाझोलची एक गोळी दिली जाते.

वडोदऱ्याचा अनुभव

ज्यांची तूट मोठी आहे त्यांना केवळ आहाराने ती लवकर भरून काढता येत नाही. तेथे गोळीची गरज पडते. २००० साली वडोदरा जिल्ह्यातील शाळांमध्ये किशोरवयीन मुलींना आठवड्यातून एकदा लोह व फॉलिक ॲसिडची गोळी देण्याचा उपक्रम सुरू झाला. त्याच्या प्रकाशित मूल्यमापनानुसार १७ महिन्यांत रक्तक्षयाचे प्रमाण सुमारे ७५ टक्क्यांवरून ५३ टक्क्यांवर आले. गोळ्या घेण्यातील नियमितपणा ९० टक्क्यांहून अधिक होता. शाळेत, ठरलेल्या दिवशी, सर्वांनी मिळून गोळी घेतली की ती घेतली जाते, हा त्यातील बोध. मात्र एवढ्यानंतरही निम्म्या मुली रक्तक्षयीच राहिल्या. म्हणजे गोळी आवश्यक आहे, पण एकटी गोळी पुरेशी नाही.

२०१८ पासून ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमाखाली ५ ते ९ वर्षांच्या मुलांसाठी ४५ मिलिग्रॅम लोहाची गुलाबी व १० ते १९ वर्षांसाठी ६० मिलिग्रॅमची निळी साप्ताहिक गोळी आहे. गोळी जेवणानंतर घ्यावी, चहा-दुधाबरोबर घेऊ नये. शौचास काळे होणे, थोडे मळमळणे हे परिणाम आधीच सांगावेत; न सांगितल्यास एका मुलीला मळमळले की सगळा वर्ग गोळी टाकून देतो. रमजानमध्ये रोजे धरणाऱ्या मुलींची गोळी महिनाभर चुकते. त्यांना ती रात्रीच्या जेवणानंतर घेण्यासाठी घरी द्यावी.

सर्वच रक्तक्षय लोहाच्या कमतरतेमुळे होतो, असेही नाही. फोलेट किंवा बी-१२ ची उणीव व थॅलॅसेमियाचे वाहकत्व हीही कारणे असतात. नियमित गोळ्यांनंतरही हिमोग्लोबिन वाढत नसेल तर पुढील तपासणी करावी. आई व वडील दोघेही थॅलॅसेमियाचे वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला तीव्र आजाराची शक्यता २५ टक्के असते. जवळच्या नात्यात सोयरीक होणाऱ्या घराण्यांत ही तपासणी लग्नाआधीच होणे हिताचे.

अध्यापकांनी काय करावे?

प्रवेशाच्या वेळी व वर्षअखेर अशी दोनदा हिमोग्लोबिनची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या साहाय्याने करता येईल. निकाल फलकावर न लावता विद्यार्थिनीच्या हाती द्यावा. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात जवळच्या शाळेतील हात धुण्याची सोय, शौचालयाची स्थिती व मुलांची न्याहारी यांची नोंद विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावी. अध्यापक विद्यालयांतून पाठ टाचणात ‘लोहाची तीन कलमे’ हा घटक सहज बसतो. पालकसभेत आयांना बोलावून मुलीचे ताट घरातील इतरांबरोबरच वाढले जावे, हे स्पष्टपणे सांगावे. वर्षाच्या आरंभीचा व अखेरचा आकडा शेजारी ठेवला की आपल्या प्रयत्नांचे फळ आपल्यालाच मोजता येईल. आणि आकडा हलला नसेल तर तिन्ही कलमांपैकी कोणते राहून गेले, याचा शोध पुढील वर्षी तेथूनच सुरू करता येईल.