अकादमीची नव्वदी आणि सहीची किंमत

भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीने, म्हणजे ‘इन्सा’ने, ७ जानेवारी २०२५ ला नव्वद वर्षं पूर्ण केली. अभिनंदनाचे ठराव, स्मरणिका आणि भाषणं ओघानं आलीच. त्या गर्दीत एक प्रश्न मात्र राहून जातो. एका देशाला एक विज्ञान अकादमी पुरे असताना आपल्याकडे तीन कशा? एक प्रयागराजला, एक बंगळुरूला आणि दिल्लीतली ही तिसरी. जन्मक्रमानं पाहिलं तर ‘राष्ट्रीय’ म्हणवणारी हीच सगळ्यांत धाकटी. याचं उत्तर एका भांडणात आहे, आणि त्या भांडणाची ठिणगी मुंबईत पडली.

मुंबईतली ठिणगी

जानेवारी १९३४ मध्ये इंडियन सायन्स काँग्रेसचं अधिवेशन मुंबईत भरलं. अध्यक्ष होते मेघनाद साहा. ताऱ्यांच्या वर्णपटावरून त्यांच्या तापमानाचा हिशेब मांडण्याची वाट दाखवणारे साहा ढाक्याजवळच्या खेड्यात, एका किराणा दुकानदाराच्या घरात वाढलेले. स्वभाव फटकळ, पण संस्था उभारण्याची हौस दांडगी. १९३० मध्येच त्यांनी अलाहाबादेत, म्हणजे आजच्या प्रयागराजला, संयुक्त प्रांतांची विज्ञान अकादमी काढली होती. तीच पुढे ‘नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस’ झाली. मुंबईच्या अध्यक्षीय भाषणात त्यांनी आणखी मोठी मागणी मांडली: लंडनच्या रॉयल सोसायटीच्या तोडीची, साऱ्या देशाची अशी एक अकादमी हवी. आपल्या रिवाजाप्रमाणे समिती नेमली गेली.

सी. व्ही. रामन यांचा मात्र समित्यांवर फारसा विश्वास नव्हता. नोबेल पारितोषिक मिळून त्यांना चारच वर्षं होत होती. आदल्या वर्षी कलकत्ता सोडून ते बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे पहिले भारतीय संचालक झाले होते, आणि कलकत्त्याच्या विज्ञानवर्तुळाशी त्यांचं पुरतं बिनसलं होतं. मुंबईच्या समितीचं काम संपण्याची वाट न पाहता २४ एप्रिल १९३४ ला त्यांनी ‘इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस’ची नोंदणी करून टाकली. ३१ जुलैला उद्घाटन झालं. संस्थापक फेलो ६५, अध्यक्ष अर्थातच रामन. नोव्हेंबर १९७० मध्ये त्यांचं निधन झालं तोवर ती खुर्ची त्यांच्याकडेच होती. छत्तीस वर्षं! आपल्या क्रीडा संघटनांनाही हा विक्रम जड जावा.

मग तडजोड झाली. दोन्ही संस्था आपापल्या जागी राहतील आणि वर एक अखिल भारतीय संस्था येईल. त्यातून ७ जानेवारी १९३५ ला कलकत्त्यात ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सेस ऑफ इंडिया’ सुरू झाली. पहिलं अध्यक्षपद रामनना नाही, साहांनाही नाही. ते गेलं लुईस ली फर्मर या इंग्रज भूवैज्ञानिकाकडे. विदर्भाने या माणसाची ओळख ठेवायला हवी. नागपूर, भंडारा, बालाघाट या पट्ट्यातल्या मँगनीजचा पायाभूत अभ्यास फर्मर यांचाच. तिथल्या एका मँगनीजयुक्त खडकाला त्यांनी गोंड समाजावरून ‘गोंडाइट’ असं नाव दिलं, आणि जगभरची भूविज्ञानाची पुस्तकं ते आजही वापरतात. प्रवासवर्णनकार पॅट्रिक ली फर्मर हा त्यांचाच मुलगा.

स्वातंत्र्याच्या सुमारास संस्था दिल्लीला आली. १९४८ मध्ये नेहरूंनी तिच्या इमारतीची पायाभरणी केली, आणि १९७० मध्ये तिला ‘इन्सा’ हे आजचं नाव मिळालं. तिचा पत्ता मोठा गमतीचा आहे: बहादूरशाह जफर मार्ग, म्हणजे दिल्लीतली वृत्तपत्रांची गल्ली. मोठमोठ्या इंग्रजी दैनिकांच्या शेजारी राहूनही ही संस्था वर्षानुवर्षं बातमीत येत नाही, हे तिचं कसब म्हणायचं की दुखणं?

आत कोण?

अकादमी करते काय? नियतकालिकं काढते, पदकं देते, आंतरराष्ट्रीय विज्ञानसंघटनांत देशाचं प्रतिनिधित्व करते, सरकारला सल्ला देते. विज्ञानाच्या इतिहासाला वाहिलेलं तिचं नियतकालिक १९६६ पासून निघतं आहे, आणि ते काम खरोखर मोलाचं आहे. पण या सगळ्याच्या मुळाशी आहे ती फेलोंची निवड. असलेल्या फेलोंनी नाव सुचवायचं, विषयवार समित्यांनी चाळायचं, आणि शेवटी फेलोंनीच निवडून घ्यायचं. म्हणजे दाराची किल्ली आतल्यांकडे. अशा घरात बाहेरचं कुणी सहजी शिरत नाही.

कोण शिरत नव्हतं, हे पाहायला मराठी वाचकाला लांब जावं लागत नाही. दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण कमला १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.त पहिली आली. वडील आणि काका दोघेही बंगळुरूच्या संस्थेत शिकलेले रसायनतज्ज्ञ. तिथला अर्ज म्हणजे निव्वळ उपचार, असंच घरात सगळ्यांना वाटलं असणार. संचालक रामन यांनी तो नाकारला. कारण एकच, अर्जदार मुलगी होती. कमला बंगळुरूला जाऊन थडकली आणि कारण लेखी द्या म्हणाली. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर: वर्षभर परीक्षाकाळ, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीसुद्धा काम, आणि पुरुष सहकाऱ्यांचं लक्ष विचलित होता कामा नये. वर्षभरात तिच्या कामानं रामन यांचं मत बदललं आणि संस्थेची दारं मुलींना उघडली. पुढे १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवणाऱ्या त्याच कमला सोहोनी. वनस्पतींच्या पेशींतही ‘सायटोक्रोम सी’ हे प्रथिन असतं, हे त्यांनी दाखवलं. प्रवेशाच्या वेळचा तो अपमान त्या म्हातारपणीही विसरल्या नव्हत्या.

गंमत अशी की याच रामन यांच्या अकादमीनं १९३५ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांना फेलो केलं. ‘इन्सा’ला त्यांची आठवण व्हायला १९५७ उजाडलं. आणि ‘इन्सा’च्या अध्यक्षपदी पहिली स्त्री, चंद्रिमा शहा, आल्या त्या २०२० मध्ये. स्थापनेनंतर तब्बल पंच्याऐंशी वर्षांनी.

नव्वदीच्या निमित्तानं एकाच व्यक्तीचं नाव घ्यायचं झालं, तर मी रोहिणी गोडबोले यांचं घेईन. पुण्याच्या हुजूरपागेत आणि स. प. महाविद्यालयात शिकलेल्या, आयआयटी मुंबईतून अमेरिकेत गेलेल्या आणि परत येऊन मुंबई विद्यापीठ व नंतर बंगळुरूच्या संस्थेत शिकवणाऱ्या या कणभौतिकशास्त्रज्ञ २५ ऑक्टोबर २०२४ ला पुण्यात निवर्तल्या. पुढच्या पिढीच्या कणत्वरकांत काय आढळेल, नकोशा टकरींचा गोंधळ किती होईल, हा त्यांचा अभ्यासाचा प्रांत. पण अकादमीच्या आत बसून अकादमीलाच प्रश्न विचारणं, ही त्यांची दुसरी कामगिरी मला तितकीच मोठी वाटते.

राम रामस्वामी यांच्यासोबत त्यांनी संपादित केलेलं ‘लीलावतीज डॉटर्स’ २००८ मध्ये बंगळुरूच्या अकादमीनं प्रकाशित केलं. सुमारे शंभर भारतीय स्त्री वैज्ञानिकांच्या कहाण्या त्यात एकत्र आल्या. पण गोडबोले कहाण्यांवर थांबल्या नाहीत. पीएच.डी. केलेल्या बायका विज्ञानातून कुठे आणि का गळतात, याचं त्यांनी इतरांच्या साथीनं सर्वेक्षण केलं. ‘संसारामुळे सोडलं असणार’ हे आपलं ठरलेलं उत्तर. संशोधनाबाहेर राहिलेल्या बायका मुख्यतः सांगत होत्या ते वेगळंच: लायक नोकरीच मिळाली नाही. म्हणजे दोष घराचा कमी आणि संस्थांचा जास्त. तो संस्थांना त्यांच्याच दिवाणखान्यात, आकड्यांसकट ऐकवायला धैर्य लागतं.

बाहेर काय?

आत कोण आहे, याची फिकीर बाहेरच्यांनी का करावी? कारण अकादमीकडे विकायला दुसरं काही नाही; आतल्यांची सही हीच तिची पुंजी. ती सही कशावर होते आणि कशावर होत नाही, यावर तिची किंमत ठरते. २०१० पासूनचे तीन प्रसंग पाहू. तिन्हींचा धागा महाराष्ट्राशी जुळलेला आहे.

पहिला प्रसंग लाजिरवाणा. जालन्याच्या ‘महिको’नं विकसित केलेल्या जनुक-परिवर्तित (जीएम) बीटी वांग्याला परवानगी द्यावी का, यावर तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या आणि फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती दिली. मग त्यांनी या तिन्हींसह देशातल्या सहा अकादम्यांचं मत मागवलं. सप्टेंबरमध्ये अहवाल आला: मर्यादित लागवडीला परवानगी द्या. पण त्यातले उतारे जीएम पिकांचा पुरस्कार करणाऱ्या एका शास्त्रज्ञाच्या लेखातून शब्दशः उचललेले निघाले, आणि संदर्भांची यादीही नव्हती. महाविद्यालयातला मुलगा असं करतो तेव्हा त्याचा प्रकल्प परत येतो. रमेश यांनीही अहवाल झिडकारला. डिसेंबरात सुधारित आवृत्ती आली, श्रेय दिलं गेलं, निष्कर्ष तोच राहिला. तो बरोबर असेलही! पण सहा अकादम्यांच्या सहीचं वजन तोवर उतरलं होतं.

दुसरा प्रसंग उशिराचा. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची पुण्यात हत्या झाली २० ऑगस्ट २०१३ ला. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात गोविंद पानसरे, ऑगस्टमध्ये धारवाडला कन्नड विद्वान कलबुर्गी. त्या ऑक्टोबरच्या अखेरीस तिन्ही विज्ञान अकादम्यांच्या नीतिविषयक संयुक्त समितीनं निवेदन काढलं. वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणं हे राज्यघटनेनं सांगितलेलं नागरिकाचं कर्तव्य आहे, याची आठवण करून देत त्याविरुद्धच्या कृत्यांबद्दल चिंता व्यक्त केली. निवेदन चांगलं होतं. पण पहिल्या हत्येनंतर दोन वर्षं लोटली होती. ज्या दाभोलकरांनी जयंत नारळीकरांसोबत फलज्योतिषाची सांख्यिकी चाचणी घेतली आणि तिचे निष्कर्ष २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छापले गेले, तो माणूस विज्ञानजगताला अनोळखी खासच नव्हता.

तिसरा प्रसंग मात्र शाबासकीचा. १९ जानेवारी २०१८ ला तेव्हाच्या औरंगाबादेत वैदिक संमेलनात केंद्रीय राज्यमंत्री आणि मुंबईचे माजी पोलीस आयुक्त सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत चूक ठरवला. माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेलं नाही, तेव्हा तो शाळेतून काढा, असं त्यांचं म्हणणं. दोनच दिवसांत, रविवार असूनही, तिन्ही अकादम्यांचं एकत्रित निवेदन आलं: मंत्र्यांच्या विधानाला शास्त्रीय आधार नाही, आणि उत्क्रांती शिकवणं थांबवणं हे मागे नेणारं पाऊल ठरेल. त्यांचे वरिष्ठ मंत्री, पुण्याचे प्रकाश जावडेकर, यांनीही सिंह यांना अशा विधानांपासून दूर राहायला सांगितलं. चौऱ्याऐंशी वर्षांपूर्वी मुंबईत पडलेली फूट औरंगाबादच्या एका भाषणानं निदान त्या रविवारपुरती बुजवली.

शंभरीपर्यंत

बोलणं सोपं नाही, हे मान्य. ‘इन्सा’चा खर्च मुख्यतः केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या अनुदानावर चालतो. ज्याच्या हातून पैसा यायचा, त्यालाच खडे बोल सुनवायचे. पण न बोलण्याचा परिणाम काय होतो, हे या अकादमीच्या माहेरी, सायन्स काँग्रेसमध्ये, दिसलंच आहे. २०१५ मध्ये तिचं अधिवेशन मुंबईतच झालं आणि तिथल्या व्यासपीठावरून प्राचीन भारतातल्या ग्रहांदरम्यान उडणाऱ्या विमानांचा निबंध वाचला गेला. २०२४ च्या जानेवारीत तर अधिवेशन भरलंच नाही. साहांनी जिथे अकादमी मागितली, त्या व्यासपीठाची ही अवस्था झाली.

म्हणून तीन अपेक्षा. अहवालाचा मसुदा कुणी लिहिला आणि कोण असहमत होतं, हे अहवालातच छापा. बीटी वांग्याचा धडा तोच आहे. सार्वजनिक प्रश्नावर दोन दिवसांत बोलता येतं, हे २०१८ मध्ये तुम्हीच सिद्ध केलं आहे. तो अपवाद न राहता शिरस्ता होऊ द्या. आणि उत्तर ज्या गावातल्या भाषणाला द्यायचं, त्या गावच्या भाषेत तिथल्या शाळेपर्यंत पोचवा. महाराष्ट्रात त्यासाठी १९६६ पासून काम करणारी मराठी विज्ञान परिषद आहे, तिला हाताशी धरा.

२०३५ मध्ये शंभरी येईल. तोवर फेलोंची यादी लांबेल, पदकं वाटली जातील. त्याची काळजी करायला नको. पुढचा अडचणीचा प्रश्न समोर येईल तेव्हा ही सही किती लवकर आणि कुणाच्या नावानिशी पडते, तेवढं पाहायचं.