मूतखडा कसा धरतो?

वाळू आणि मीठ वेगळे करण्याचा प्रयोग शाळेत बहुतेकांनी केलेला असतो. मिश्रण पाण्यात ढवळून गाळले की वाळू गाळण कागदावर राहते आणि विरघळलेले मीठ पाण्याबरोबर खाली उतरते. ते परत मिळवायचे तर पाणी आटवावे लागते. पाणी कमी झाले की मिठाचे स्फटिक धरू लागतात. कोकणातली मिठागरे याच तत्त्वावर चालतात.

गाळणे आणि स्फटिक धरणे, या दोन्ही क्रिया आपल्या मूत्रपिंडातही घडू शकतात. पहिली अखंड चालू असते, दुसरी मात्र त्रासदायक ठरते.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. रक्तपेशी आणि बहुतेक प्रथिने रक्तातच राहतात, विरघळलेले क्षार पलीकडे जातात. गाळलेल्यापैकी ९९ टक्के पाणी शरीर परत घेते आणि दीड-दोन लिटर लघवी उरते.

उन्हात घाम गेला आणि पाणी कमी प्यायले, की तेवढेच क्षार आणखी कमी पाण्यात कोंबले जातात. मग स्फटिक तयार होतात. दाट पाकात सोडलेल्या दोऱ्यावर खडीसाखर वाढते, तसा बारीक कणाभोवती मूतखडा वाढतो. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात.

म्हणून पहिला उपाय लघवी पातळ ठेवण्याचा. एकदा खडा झालेल्यांना दिवसाला किमान दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी लागते. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. लिंबातले सायट्रेट स्फटिक धरू देत नाही, पण सरबतात मीठ बेताचेच हवे. जास्त मिठाने लघवीतले कॅल्शियम वाढते. दूध बंद करण्याची गरज नसते. जेवणातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते.

कामाच्या जागी स्वच्छतागृह नाही म्हणून अनेक स्त्रिया दिवसभर पाणी पिण्याचे टाळतात. त्यांना नुसता ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला अपुरा आहे. तिथे स्वच्छतागृह हाच औषधोपचाराचा भाग ठरतो.

छोटे खडे बऱ्याचदा आपोआप पडतात. पण कळांबरोबर थंडी-ताप आला किंवा लघवी बंद झाली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता तातडीने रुग्णालय गाठावे.