बंदूक, बॅग आणि नऊ तासांचा लेओव्हर

"ताई, विमानात बंदूक नेता येते का वं?"

रात्री साडेअकराला मामेभावाचा असा फोन आला, तर तुम्ही काय कराल? मी आधी उठून बसले. मग विचारलं, "अबे, काय प्यायलास?"

प्यायला नव्हता. मूळचा अकोट तालुक्यातला, सध्या हिंजवडीत कोड लिहिणारा आमचा हा भाऊ कंपनीतर्फे तीन आठवड्यांसाठी जोहान्सबर्गला निघाला होता. तिथल्या क्लायंटने त्याला एका वीकेंडला लिम्पोपोतल्या गेम फार्मवर बोलावलं होतं. बार्बेक्यू, जीप आणि परमिट काढून रीतसर शिकार, असा बेत. क्लायंटने गंमतीत लिहिलं होतं, 'ब्रिंग युअर ओन गन.' आमच्या भावाने ते भलतंच मनावर घेतलं.

"आबाजीची बारा बोअर घरीच हाय ना. तिले जंग लागून राह्यला. एकडाव तरी खरी चालू दे तिले."

आबाजी म्हणजे माझ्या आईचे वडील. सातपुड्याच्या पायथ्याशी शेत, कपाशी आणि तुरीचं. रात्री रानडुकरं आणि रोही उतरायचे, म्हणून शेतीसंरक्षणासाठी काढलेला परवाना आणि त्यावर घेतलेली ही बंदूक. उन्हाळ्याच्या सुट्टीत अमरावतीहून आम्ही गेलो की ती फक्त बघायला मिळायची, लांबून. जागलीला जाताना आबाजी ती खांद्याला लावायचे आणि गरज पडली तर हवेत बार काढायचे. त्यांनी काही मारल्याचं मला आठवत नाही. एकदा शेजाऱ्याच्या मचाणाचं छप्पर तेवढं उडवलं होतं.

तर प्रश्न सीरियस होता. मी फ्रीलान्सर, मला विषय पाहिजेच असतो. म्हटलं, चल, शोधू.

सगळ्यात आधी हे सांगून टाकते की आपल्याकडे शौकाची शिकार हा चॅप्टर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद केला. त्याच्या आधी चित्र वेगळं होतं. इंग्रजांच्या काळात जंगलांचे 'शूटिंग ब्लॉक' पाडलेले असायचे आणि साहेबालाही परमिट काढावं लागायचं. मेळघाटात १९७४मध्ये व्याघ्र प्रकल्प आला, देशातल्या पहिल्या नऊपैकी एक. त्यानंतर मेळघाटात बंदूक म्हटलं की एकतर फॉरेस्टवाल्याची किंवा चोरट्या शिकाऱ्याची.

मग आज आपल्यातलं कोण रायफल घेऊन विमानात चढतं? उत्तर अगदी समोर आहे. आपले नेमबाज!

आणि त्यातले काही चक्क आफ्रिकेला गेलेत. ऑक्टोबर २०२२ची नेमबाजीची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा कैरोला झाली. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील तिथे दहा मीटर एअर रायफलमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाला, तेव्हा तो जेमतेम अठराचा होता. त्याच स्पर्धेत कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये चौथा आला आणि देशाला पॅरिस ऑलिम्पिकचा कोटा मिळाला. पुढे १ ऑगस्ट २०२४ला त्याने ब्राँझ जिंकलं, ते आपण सगळ्यांनी ऑफिसात चोरून लाइव्ह बघितलं. पण कैरोपर्यंत त्यांच्या रायफली पोचल्या कशा, हा प्रश्न तुम्हाला कधी पडला होता? मलाही नव्हता.

पोचतात त्या कुलूपबंद, कडक पेटीतून. रायफल रिकामी, चेक-इन सामानात, काउंटरवर तोंडाने सांगून आणि कागदावर सही करून. केबिनमध्ये नेण्याचा प्रश्नच नाही. किल्ली मात्र मालकाच्या खिशात. एअर रायफलला हवेचं सिलिंडर असतं, ते रिकामं करून न्यायचं. पॉइंट बावीसच्या रायफलीला खरी काडतुसं लागतात आणि इथे आकडा पाठ करून ठेवा. विमान कंपन्यांचा जगभरचा ढोबळ नियम एका प्रवाशाला पाच किलोचा, तोही वेष्टनासकट. चार मित्रांनी मिळून वीस किलोचा एकच खोका करू, हे चालत नाही. ज्याचा त्याचा डबा वेगळा.

एवढं वजन कशाला, तिथे विकत नाही का घेता येत, असं मीही विचारलं. तर नेमबाज मंडळी काडतुसांच्या बाबतीत आपल्या आज्यांच्या लोणच्यासारखी चोखंदळ असतात. एकाच कंपनीचा एक लॉट एका नळीला मानवतो, दुसरा नाही. घरी तपासून निवडलेला लॉटच स्पर्धेला हवा. वरून ते जाड, कडक जॅकेट आणि पँट. पन्नास मीटरची रायफल नियमाने आठ किलोपर्यंत असू शकते. तुमची-आमची अख्खी गोवा ट्रिप पंधरा किलोत बसते, यांचं नुसतं 'ऑफिस' त्याहून जड.

बरं, कागद पूर्ण असले तरी सगळं सुरळीत होईलच असं नाही. फेब्रुवारी २०२१मध्ये मनू भाकर दिल्लीहून भोपाळला निघाली होती, तर तिला विमानतळावर अडवलं गेलं. कागदपत्रं आहेत असं ती सांगत होती, तरी तिच्याकडे १०,२०० रुपये मागितले गेले, असं तिने तेव्हा ट्विट केलं. अखेर मंत्र्यांना मध्ये पडावं लागलं, तेव्हा ती सुटली. तेव्हा ती ऑलिम्पिकची तयारी करणारी देशाची टॉपची खेळाडू होती. मग अकोटच्या पोराचं काय होईल, विचार करा.

मधला स्टॉप, मोठा लोच्या

मला वाटलं होतं, अवघड भाग म्हणजे मुंबईचा एअरपोर्ट आणि आफ्रिकेचा एअरपोर्ट. मधल्या एअरपोर्टवर काय, कॉफी प्यायची, परफ्यूम हुंगायचे, फोन चार्ज करायचा. बंदुकीचा हिशेब नेमका उलटा आहे.

अमरावतीहून आता मुंबईला विमान आहे, १६ एप्रिल २०२५ला बेलोऱ्याहून ते सुरू झालं. पण मुंबईहून जोहान्सबर्गला निघालात की साधारण दुबई, दोहा, आदिस अबाबा किंवा नैरोबीला विमान बदलायचं. प्रत्येक ठिकाणी तुम्ही बॅगेच्या आधी पोचता, नंतर पोचता किंवा सोबत पोचता. कपड्यांची बॅग मागे राहिली तर नवा टी-शर्ट घेता येतो. बंदुकीची पेटी जिथे टेकते, तिथे तिथला कायदा तिला लागू होतो. काही देशांत नुसतं ट्रान्झिट असलं तरी आधी परवानगी लागते. ॲमस्टरडॅमला विमान बदलायचं तर डच कस्टम्सची मंजुरी घ्यावी लागते. ती घरी बसून आधी घ्यायची असते, तिथे उतरून नाही.

आता आपण हुशारी काय करतो? स्वस्त पडतं म्हणून दोन वेगळी तिकिटं काढतो. मुंबई ते दुबई एका कंपनीचं, पुढचं दुसरीचं. मग सामान मध्ये उतरतं आणि पट्ट्यावरून उचलून तुम्हालाच पुन्हा चेक-इन करावं लागतं. कपड्यांसाठी ठीक आहे. बंदुकीसाठी याचा अर्थ, तुम्ही त्या देशात शस्त्र घेऊन प्रवेश केला. खूप लांबच्या लेओव्हरलाही हेच होऊ शकतं. रात्रभराचा किंवा दिवसभराचा मुक्काम असला की कित्येकदा काउंटरवरचा माणूस टॅग शेवटपर्यंत लावायला तयार नसतो. तुम्ही शहर बघायला मोकळे, पण हातात बंदुकीची पेटी!

मग म्हणाल, छोटा लेओव्हर घेऊ. तीही फसगतच. हत्याराची पेटी इतर सामानासारखी पट्ट्यावरून धावत नाही, ती माणसाच्या हातातून, तपासणीतून जाते. तासाभराच्या कनेक्शनमध्ये तुम्ही पळत पळत गेट गाठता आणि पेटी मागेच राहते. जोहान्सबर्गला परवाना पोलिस देतात. फॉर्मचं नाव साप्स ५२०, काळ्या शाईने भरायचा, सही अधिकाऱ्यासमोर करायची. पासपोर्ट, परतीचं तिकीट, बंदूक तुमचीच असल्याचा पुरावा आणि ज्याच्याकडे शिकारीला जाताय त्याचं निमंत्रणपत्र सोबत हवं. बंदुकीवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर जुळवून पाहतात. म्हणजे पेटी दुसऱ्या दिवशी आली तर तुम्हीही दुसऱ्या दिवशी विमानतळावर. क्लायंट जीप घेऊन बाहेर उभा, आणि तुम्ही पोलिसांच्या खिडकीसमोर.

शेजारचा नामिबिया त्या मानाने सोपा, विंडहुकच्या विमानतळावर एक साधा फॉर्म भरून काम होतं. पण तिथेही मध्ये कुठेतरी थांबूनच जायचंय. गंमत बघा, सप्टेंबर २०२२मध्ये नामिबियातून आठ चित्ते आपल्याकडे आले, त्यांच्यासाठी थेट विंडहुकहून ग्वाल्हेरला उडेल असं विमान ठरवलं होतं. मध्ये कुठे थांबणं नको! आपल्याकडचे शेवटचे चित्ते १९४७च्या सुमारास एका महाराजांच्या बंदुकीने गेले होते, हे लक्षात घेतलं तर तेवढी बडदास्त त्यांना मिळायलाच हवी होती म्हणा.

आणि हे फक्त जाण्याचं झालं. येताना बंदूक घेऊन ग्रीन चॅनलमधून शिटी वाजवत बाहेर पडता येत नाही. निघताना कस्टम्सकडे नोंद करून सर्टिफिकेट घेतलं नसेल, तर स्वतःचीच बंदूक परत आणणं म्हणजे आयात. आयातीला वेगळा परवाना. नेमबाजांमागे फेडरेशन असतं, पत्रं असतात, मॅनेजर असतो. आमच्या भावामागे फक्त मी.

"परवाना कोनाच्या नावावर हाय?"

हे सगळं मी त्याला शनिवारी व्हिडिओ कॉलवर सांगितलं. तो मन लावून ऐकत होता, मध्येच नोट्स काढत होता. इंजिनीअर ना शेवटी! मग मी सगळ्यात सोपा प्रश्न विचारला, जो खरं तर पहिल्या रात्रीच विचारायला हवा होता.

"परवाना कुणाच्या नावावर आहे?"

"आबाजीच्या."

"आणि आबाजी?"

तो गप्प झाला. आबाजी गेल्या दिवाळीच्या आधीच गेले. बंदूक माजघरातल्या पेटीत, घोंगडीत गुंडाळलेली. मामांना वाटलं घरचीच वस्तू आहे, राहील. भावाला वाटलं मामा बघतील. परवाना माणसाला मिळतो, घराला नाही. माणूस गेला की ती बंदूक पोलिस ठाण्यात किंवा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे जमा करावी लागते. मग वारसाने जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करायचा, चौकशी होते, नवा परवाना मिळाला तर बंदूक परत. नाही तर विल्हेवाट. तोवर ती घरात ठेवणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. आफ्रिका राहिली बाजूला. ती पेटी माजघरातून अंगणात आणायलाही आमच्याकडे कागद नव्हता.

भावाने पहिल्यांदा "कायले येवढं टेन्शन घेतं ताई" म्हणून पाहिलं. पण त्याचा आवाज बदलला होता. व्हिसाचा अर्ज भरून झालेला, आणि घरात बेकायदा हत्यार. पोलिस केस झाली तर पासपोर्टचं काय होतं, हे त्याला मी सांगायची गरज नव्हती.

मामांना पटवणं जास्त कठीण गेलं. ठाण्यात गेलो तर "इतके दिवस काऊन ठेवली?" असं विचारतील ही त्यांची भीती, आणि ती खोटी नव्हती. मी अमरावतीहून एसटीने अकोट गाठलं. एका ओळखीच्या वकिलांना फोन लावून स्पीकरवर ठेवला. ते म्हणाले, स्वतःहून जा, मृत्यूचा दाखला आणि मूळ परवाना घेऊन जा, आणि आजच जा. मामी तोवर चहाचा तिसरा कप घेऊन आल्या.

परवाना शोधताना आबाजींची फाइल सापडली. रेक्झिनची, दोरीने बांधलेली. आत काय असेल? पावत्या! निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या, निकाल लागला की परत आणायच्या. आबाजींनी २०१९, २०१४, २००९ आणि त्याच्याही मागच्या सगळ्या पावत्या तारखेने लावून ठेवल्या होत्या. नूतनीकरणाचे शिक्के वेगळ्या पाकिटात. काडतुसं किती घेतली, किती उडाली, त्याची एक वही. शेवटच्या पानावर शिल्लक लिहिलेली. मामांनी पेटीतली काडतुसं मोजली. बरोबर तेवढीच भरली.

ठाण्यातल्या साहेबांनी विचारायचं ते विचारलंच. जबाब झाला, बोलणीही बसली. मग त्यांनी ती फाइल चाळली, वही चाळली, आणि बंदूक जमा करून घेतली. मामांनी पावती दोनदा वाचली, घडी घालून फाइलमध्ये सगळ्यात वर लावली आणि तीच जुनी दोरी बांधली. वारसाचा अर्ज करायचा की नाही, यावर घरात अजून दोन पार्ट्या आहेत. कपाशीत रानडुकरं येतातच, त्यामुळे मामा हो म्हणतात. मामी नाही.

हे लिहायला मामांनी परवानगी दिली, नाव नको एवढ्या अटीवर.

आणि भाऊ? क्लायंटने त्याला कळवलं की फार्मवर भाड्याने रायफल मिळते, बहुतेक पाहुणे तीच वापरतात. शिवाय कुडूसारख्या मोठ्या हरणाला छर्र्याची बारा बोअर कामाचीच नाही, तिथे रायफल लागते. म्हणजे आमची एवढी पायपीट सुरुवातीपासूनच फुकट! आता तो म्हणतो, मी नुसता जीपमध्ये बसून बघीन. टॉवर चौकातून दुर्बीण घेतलीय.

त्याचं तिकीट एकच आहे, मुंबई ते जोहान्सबर्ग, मध्ये आदिस अबाबाला नऊ तास. काल रात्री साडेअकराला पुन्हा फोन आला.

"ताई, नऊ तास काय करू वं तिथी?"

म्हटलं, कॉफी पी. कॉफी त्यांचीच आहे. आणि झोप, तुझ्या बॅगेत कपडेच आहेत.