पदभ्रमणमार्ग, दीर्घ पल्ल्याचा

अनेक दिवसांचा सलग पायी प्रवास करता यावा म्हणून पाहणी करून आखलेली व खुणांनी दर्शविलेली वाट. अमेरिकेतील ॲपालॅचियन मार्गाची (सु. ३,५०० किमी.) कल्पना बेंटन मॅके यांनी १९२१ मध्ये मांडली व तो १९३७ मध्ये पूर्ण झाला. इंग्लंडमधील पेनाइन मार्ग (सु. ४३० किमी.) १९६५ मध्ये खुला झाला. महाराष्ट्रात शिवाजी महाराजांच्या १६६० मधील प्रवासाच्या स्मरणार्थ पन्हाळा–विशाळगड पदभ्रमण पावसाळ्यात केले जाते.

पाहणीचा आरंभ नकाशावर होतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशांवरील समोच्चरेषांवरून सोंडा, खिंडी व ओढे ओळखून संभाव्य वाट रेखाटतात. नंतर ती प्रत्यक्ष चालून तपासतात. जुन्या पायवाटांचा उपयोग शक्य तेथे करतात. मात्र थेट उतारावरून जाणारी वाट पावसाच्या पाण्याने खचत असल्याने ती वळणे देऊन सौम्य चढाची करतात. मुक्कामांमधील अंतर मुख्यतः पाण्याच्या ठिकाणांवरून ठरते. शेवटी फाट्यांवर खुणा रंगवितात. ॲपालॅचियन मार्गावर त्यासाठी सु. ५ × १५ सेंमी. आकाराचे पांढरे पट्टे आहेत. झाडोरा तोडणे, निचरा राखणे व खुणा पुन्हा रंगविणे ही कामे दरवर्षी करावी लागतात.

पालघर जिल्ह्याच्या (स्थापना २०१४) मोखाडा तालुक्यातील सूर्यमाळ व लगतचा जव्हारचा डोंगराळ प्रदेश यांच्या बाबतीत या कामातील मुख्य अडचणी स्पष्ट होतात. येथे पाऊस भरपूर पडतो. परंतु बेसाल्ट खडकात पाणी फारसे साठत नसल्याने उन्हाळ्यात अनेक झरे आटतात. मोखाडा तालुक्यातील मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबईस जाते, तर तालुक्यातील अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून राहावे लागते. अशा वेळी पाड्याच्या विहिरीवर प्रवाशांचा भार टाकणारा मार्ग सदोषच ठरतो. म्हणून येथे पावसाळ्यानंतरचे महिनेच प्रवासास योग्य होत.

येथील पायवाटा वारली, कोकणा, कातकरी, ठाकर व महादेव कोळी लोकांच्या शेतांतून, वनांतून व देवस्थानांजवळून जातात. दोन्ही तालुके संविधानाच्या पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात येतात. पंचायत विस्तार अधिनियम (१९९६) व वनहक्क अधिनियम (२००६) यांनी ग्रामसभांना महत्त्वाचे अधिकार दिले आहेत. त्यामुळे वनविभागाच्या परवानगीइतकीच ग्रामसभेची संमती महत्त्वाची ठरते. शेतीचा हंगाम संपताच येथील अनेक कुटुंबे मजुरीसाठी स्थलांतर करतात. वाटाडे, भोजन व मार्गाची देखभाल ही कामे त्यांच्याकडे राहिल्यास त्याच काळात गावात काही रोजगार मिळू शकतो व मार्गही टिकतो.