न लिहिलेला ‘चे’

खुणांच्या गमती : लेखांक ६

४० − ३२ ÷ २ = ४!

हे बरोबर की चूक? डावीकडून सरळ सोडवत जाणाऱ्याला ४ मिळतात, आणि शेवटचं उद्गारचिन्ह म्हणजे लिहिणाऱ्याला झालेला आनंद, असं तो समजतो. ज्याला भागाकार आधी करायचा हे ठाऊक आहे तो २४ काढतो आणि पहिल्याची कीव करतो. तिसऱ्याने बारावीपर्यंत गणित घेतलेलं असतं. त्याच्या लेखी ४! म्हणजे ४ × ३ × २ × १, म्हणजे २४, आणि समीकरण अगदी चोख. हे चिन्ह क्रिस्तियान क्राम्प यांनी १८०८ मध्ये वापरात आणलं. थोडक्यात, ज्याला नियम माहीत नाही तो आणि ज्याला सगळे नियम माहीत आहेत तो, असे दोघेही ‘बरोबर’ म्हणतात. फजिती होते ती मधल्याची, आणि आपल्यापैकी बहुतेक जण तिथेच बसलेले असतो.

या मधल्यांचा मंत्र म्हणजे कंचेभागुबेव. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. शिष्यवृत्ती परीक्षेला बसलेल्या पोराला रात्री झोपेतून उठवून विचारलं तरी तो हा मंत्र म्हणेल. पण मंत्र शब्दशः पाळला तर काय होतं? १० − ४ + ३ घ्या. ‘बे’ आधी आहे म्हणून ४ आणि ३ यांची बेरीज केली, ती १० मधून वजा केली, उत्तर ३. खरं उत्तर ९. बेरीज-वजाबाकीला समान मान आहे, ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने डावीकडून करायच्या, हे मंत्रात कुठेच नाही. ते सर तोंडी सांगतात आणि पोरं ऐकत नाहीत.

गंमत अशी की मंत्राचा पहिला अर्धा भाग शब्दशः पाळला तरी धोका नाही. १२ ÷ २ × ३ मध्ये भागाकार आधी करा किंवा डावीकडून जा, उत्तर १८च. १२ × ६ ÷ ३ मध्ये भागाकार आधी केला तरी २४ आणि ओळीने गेलं तरी २४. गुणाकार आधी उरकला तर मात्र पहिल्या उदाहरणात २ येतात. म्हणजे ‘भागु’ शहाणा आणि ‘बेव’ घातकी. मंत्रात ‘वबे’ असतं तर मुलं शब्दशः वागूनही कधी चुकली नसती: १० − ४ + ३ − २ मध्ये दोन्ही वजाबाक्या आधी करा, ६ आणि १, बेरीज ७, बरोबर. पण ‘कंचेभागुवबे’ म्हणताना जीभ अडखळते. एवढ्याशा नादासाठी पिढ्यान्‌पिढ्या मुलांचे मार्क गेले, अशी माझी तक्रार आहे.

आता मंत्रातल्या सगळ्यात दुर्लक्षित अक्षराकडे येऊ. ‘चे’ म्हणजेही गुणाकारच, पण तो रांगेत भागाकाराच्याही पुढे उभा असतो. २४ ÷ १/२ × ६ हे ओळीने सोडवलं तर २४ मध्ये अर्धे ४८ वेळा, गुणिले ६, म्हणजे २८८. तेच २४ ÷ १/२ चे ६ असं लिहिलं, तर सहाचे निम्मे ३, आणि २४ भागिले ३ म्हणजे ८. एक चिन्ह बदललं आणि २८८ चे ८ झाले.

हे ध्यानात ठेवून २०१९ च्या जुलैअखेरीस जगभर गाजलेलं भांडण पाहा: ८ ÷ २(२+२). निम्मे लोक १६ म्हणत होते, निम्मे १, आणि दोन्हीकडचे लोक समोरच्याची शाळा काढत होते. स्टीव्हन स्ट्रोगात्झसारख्या गणितज्ञाने त्यावर न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं. कंचेभागुबेव शिकलेल्याला या भांडणाचं मूळ एका वाक्यात सांगता येतं: २ आणि कंस यांच्यामध्ये जे चिन्ह लिहिलेलं नाही, ते ‘×’ आहे की ‘चे’? ‘×’ असेल तर १६, ‘चे’ असेल तर १. लिहिणाऱ्याने ते लिहिलेलंच नाही, त्यामुळे वाद मिटणार कसा?

बीजगणितात तर आपण सगळे गुपचूप ‘चे’वाले आहोत. ६क ÷ २क किती? कोणीही ३ म्हणेल. पण न लिहिलेला गुणाकार साधा ‘×’ मानून ओळीने गेलात तर ६क भागिले २ म्हणजे ३क, त्याला पुन्हा क ने गुणा, म्हणजे ३ क-वर्ग! नेल्स लेनेस या अमेरिकी गणितज्ञाने १९१७ मध्येच दाखवून दिलं होतं, की पुस्तकं नियम एक सांगतात आणि त्यांतली गणितं सुटतात दुसऱ्याच नियमाने. कॅल्क्युलेटर बनवणाऱ्यांचंही एकमत नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचं टीआय-८२ हे यंत्र ‘चे’वालं होतं, त्यानंतरचं टीआय-८३ ‘×’वालं निघालं. एकाच घरातली दोन भावंडं.

खरं तर दोन खुणा नुसत्या शेजारी ठेवण्याचे आपण सोयीनुसार तीन अर्थ लावतो. २क मध्ये गुणाकार. २⅔ मध्ये बेरीज. आणि २३ मध्ये दोनाची किंमत गुपचूप वीस. या घोटाळ्यातून एक देखणा विनोद निघतो: ‘ढ’ विद्यार्थी √(२⅔) मधला २ सरळ उचलून बाहेर ठेवतो आणि लिहितो २√(⅔). सर लाल पेन उघडतात आणि थांबतात, कारण उत्तर बरोबर आहे. २⅔ म्हणजे ८/३, आणि २√(⅔) चा वर्गही ८/३. √(३⅜) चंही तसंच, ३√(⅜).

तिसऱ्या अर्थावरून, म्हणजे आकडे शेजारी ठेवून संख्या कशी वाचायची यावरून, २०१९ च्याच जूनमध्ये महाराष्ट्रात रण माजलं होतं. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ६३ ला ‘साठ तीन’ म्हणण्याची पद्धत आली. कारण साधं होतं: त्रेसष्ट म्हणताना तीन आधी येतो आणि लिहिताना सहा, त्यात मुलं गोंधळतात. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर शांतपणे समजावत राहिल्या. विधानसभेत मात्र अजित पवारांनी विचारलं, की तेव्हाचे मुख्यमंत्री फडणवीस यांना आता ‘फडण दोन शून्य’ म्हणायचं का? नागपूरच्या आडनावावर झालेला हा बहुधा सर्वांत गणिती विनोद. तो दोनदा चुकलेला आहे, म्हणूनच मला तो आवडतो. एक तर नव्या पद्धतीतही २० हे वीसच राहतात, गडबड एकवीसपासून पुढे. दुसरं म्हणजे कंस चुकीच्या जागी पडला. आडनाव (फड)(नवीस) असं आहे, (फडण)(वीस) असं नाही. याच हिशेबाने नागपुरातल्या सिव्हिल लाइन्सच्या चिटणवीस सेंटरची पाटीही ‘चिटण दोन शून्य’ अशी रंगवावी लागेल.

बोलण्यात मात्र आपण क्रियांच्या क्रमात सहसा चुकत नाही. नागपूरच्या इतवारी बाजारात कोणी ‘पावणेदोनशे’ म्हणाला तर आधी दोनातून पाव वजा होतो, मग शंभराने गुणाकार होतो, १७५. वजाबाकी गुणाकाराच्या आधी! कंचेभागुबेवने गेलात तर दोनशेतून पाव जाऊन १९९ रुपये ७५ पैसे होतील आणि दुकानदार तुमच्याकडे बघत राहील.

दुकानदारांचं यंत्रही मंत्र मानत नाही. नागपुरातच बर्डीवर स्टेशनरीच्या गल्ल्यावरच्या साध्या कॅल्क्युलेटरवर २० रुपयांची फाइल आणि १५ रुपयांची चार पेनं, म्हणजे २० + १५ × ४, असं ओळीने दाबलंत तर १४० येतात. शाळकरी पोराच्या सायंटिफिकवर ८०. दुकानदार कधी फसत नाही, कारण तो १५ × ४ आधी दाबतो आणि फाइल मागून मिळवतो. त्याला कंस लागत नाही, हाताला सवय आहे.

याहून अवघड पेच ऑफिसातल्या एक्सेलमध्ये आहे. −२ चा वर्ग करायला =-२^२ असं टाकलंत तर एक्सेल ४ सांगतं. तेच -२**२ असं पायथनमध्ये लिहा, −४ येतात. वहीतल्या बीजगणिताच्या नियमाने कोणाची बाजू घ्याल? करून बघा, पुढच्या लेखांकात वजाच्या चिन्हापासूनच सुरुवात करू. आणि जाता जाता, २३० − २२० ÷ २ = ५! हे बरोबर की चूक, तेही पाहून ठेवा.