प्रबोधनकालीन नकाशांतील महाराष्ट्र : टॉलेमीची परंपरा आणि पवनीची अनुपस्थिती

बीजशब्द : टॉलेमी, प्रबोधनकालीन नकाशे, प्रतिष्ठान, पवनी, वैनगंगा खोरे

प्रस्तावना
नकाशा हे इतिहासलेखनाचे महत्त्वाचे साधन मानले जाते. मात्र नकाशात भूमीसोबतच ती पाहणाऱ्याची माहिती आणि तिच्या मर्यादाही उमटलेल्या असतात. युरोपातील प्रबोधनकाळात छापल्या गेलेल्या भारताच्या नकाशांचा या दृष्टीने प्रस्तुत लेखात विचार केला असून, त्यासाठी भंडारा जिल्ह्यातील पवनी या प्राचीन नगराचे उदाहरण घेतले आहे.

टॉलेमीचा ग्रंथ व त्याचे पुनरुज्जीवन
अलेक्झांड्रिया येथील क्लॉडियस टॉलेमी याने इ. स. १५० च्या सुमारास भूगोलावरील आपला ग्रंथ सिद्ध केला. त्यात सुमारे ८,००० स्थळांची नोंद असून बहुतेकांचे अक्षांश-रेखांश दिलेले आहेत. पंधराव्या शतकाच्या आरंभी इटलीत त्याचा लॅटिन अनुवाद झाला. पुढे बोलोन्या (१४७७), रोम (१४७८) व उल्म (१४८२) येथून त्याच्या नकाशांसह आवृत्त्या मुद्रित झाल्या. अशा रीतीने तेराशे वर्षांपूर्वीची माहिती अभ्यासकांपुढे नव्याने प्रमाण म्हणून आली.

या नकाशांत भारताचे द्वीपकल्प जवळजवळ नाहीसे झालेले दिसते. सिंधूपासून गंगेपर्यंतचा किनारा बहुतांशी पश्चिमेकडून पूर्वेकडे जातो, तर ताप्रोबेन म्हणजे श्रीलंका अवाढव्य आकाराची दाखविलेली आहे. खलाशांच्या प्रवासाच्या दिवसांवरून अंतरे ठरविणे आणि पृथ्वीचा परीघ प्रत्यक्षाहून कमी मानणे, या दोन गोष्टींमुळे टॉलेमीच्या मांडणीत मोठे दोष राहिले.

महाराष्ट्रातील स्थळे
टॉलेमीच्या नोंदींत सोपारा, चौल, नाशिक, तगर (तेर) आणि पैठण ही स्थळे ओळखता येतात. पैठण ही 'सिरो पोलेमाइओस' याची राजधानी असल्याचे तो सांगतो. हा राजा म्हणजे सातवाहन नृपती श्री पुळुमावी होय. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातील ग्रंथानुसार पैठण व तेर येथील माल भडोच बंदरात येत असे. अंतर्भागातील ही नगरे परदेशी व्यापाऱ्यांना ज्ञात असण्याचे कारण यातून स्पष्ट होते. बंदरापर्यंत ज्या नगराचा माल पोहोचला, त्याचे नाव नकाशापर्यंत पोहोचण्याची शक्यता अधिक होती.

पवनीचे उदाहरण
वैनगंगेच्या काठावरील पवनीशी निर्विवादपणे जुळणारे नाव टॉलेमीच्या यादीत आढळत नाही. परंतु नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग यांनी १९६९-७० मध्ये केलेल्या उत्खननात जगन्नाथ टेकडी येथे स्तूपाचे अवशेष आणि दात्यांची नावे कोरलेले ब्राह्मी लेख मिळाले. महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याचा छायास्तंभही पवनीतच सापडला आहे. लिपीवरून तो इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील ठरतो. म्हणजेच टॉलेमीच्या काळाच्या आसपास येथे दानशूर उपासकांचे व राजपुरुषांचे वास्तव्य असलेले नगर नांदत होते. नकाशातील रिक्त जागा प्रत्यक्षात रिक्त नव्हती.

परंपरेचा शेवट
१४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचला आणि १५०२ च्या कँटिनो नकाशात द्वीपकल्पाचा त्रिकोणी आकार प्रकटला. १५१३ च्या स्ट्रासबर्ग आवृत्तीत टॉलेमीच्या २७ नकाशांना २० नवे नकाशे जोडण्यात आले. पुढे १५७८ मध्ये मर्केटरने टॉलेमीचे नकाशे प्राचीन ज्ञानाचा ठेवा म्हणून स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले. तथापि नव्या नकाशांचा आधारही प्रामुख्याने सागरी प्रवास हाच असल्याने किनाऱ्याची रेषा सुधारली, तरी अंतर्भागाचे ज्ञान दीर्घकाळ तोकडेच राहिले.

निष्कर्ष
नकाशात उल्लेख नसणे हा अस्तित्व नसल्याचा पुरावा ठरत नाही. पूर्व विदर्भाचा प्राचीन इतिहास केवळ अरण्याचा इतिहास मानण्याची प्रवृत्ती या कसोटीवर टिकत नाही. प्राचीन नकाशे अध्यापनात वापरताना त्यांच्याशेजारी स्थानिक उत्खननाचे अहवाल ठेवले, तर विद्यार्थ्यांस साधनचिकित्सेचा पाठ आपल्याच जिल्ह्याच्या भूमीवर मिळू शकेल.